विश्लेषण : घर एक, ताटं दोन... मांसाहारी कुटुंबात शाकाहारी माणूस नेमका कुठे अडतो?

ऑगस्ट २०२५ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने स्वातंत्र्यदिनी कत्तलखाने आणि मांसविक्रीची दुकानं बंद ठेवण्याचा आदेश काढला. नागपूर, मालेगाव, छत्रपती संभाजीनगर इथूनही असेच आदेश निघाले आणि राज्यभर वाद पेटला. उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी अशा बंदीला उघड विरोध केला. हे आदेश १९८८ च्या एका जुन्या शासन निर्णयाच्या आधारे निघतात, कुणी काय खावं यात सरकारला रस नाही, असं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना सांगावं लागलं.

अशा प्रत्येक वादात समाजाचे दोन गट धरले जातात : शाकाहारी आणि मांसाहारी. प्रत्यक्षात हे दोन गट बऱ्याचदा एकाच घरात, एकाच गॅसच्या शेगडीभोवती राहतात. घरातले सगळे मटण खातात आणि एकजण खात नाही. त्या एकाचं, आणि त्याच्यासाठी स्वयंपाक करणाऱ्याचं, रोज नेमकं काय होतं?

आकडे काय सांगतात?

भारतात शाकाहारी किती, याचं उत्तर प्रश्न कसा विचारला यावर अवलंबून असतं. २०१४ च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार १५ वर्षांवरील सुमारे ७१ टक्के भारतीय मांसाहारी होते. महाराष्ट्रात शाकाहारींचं प्रमाण सुमारे ४० टक्के होतं. प्यू रिसर्च सेंटरने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ३९ टक्के प्रौढांनी स्वतःला शाकाहारी म्हटलं. मात्र एकूण ८१ टक्के लोक मांसाहारावर काही ना काही बंधन पाळतात, असंही त्यातून दिसलं. कुणी ठरावीक वारी खात नाही, तर कुणी ठरावीक प्राण्याचं मांस खात नाही.

घराच्या दृष्टीने दोन आकडे जास्त बोलके आहेत. २००६ मध्ये द हिंदू आणि सीएनएन-आयबीएन यांच्यासाठी झालेल्या पाहणीत ३१ टक्के लोक शाकाहारी निघाले, पण ज्यातले सगळे सदस्य शाकाहारी आहेत अशी कुटुंबं फक्त २१ टक्के होती. म्हणजे बरेच शाकाहारी लोक मिश्र घरात राहतात.

दुसरा आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आहे. २०१९-२१ च्या पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या २९.४ टक्के महिलांनी कधीच मांसाहार करत नसल्याचं सांगितलं. पुरुषांमध्ये हे प्रमाण १६.६ टक्के होतं. त्याआधीच्या २०१५-१६ च्या पाहणीत महिलांचा आकडा २९.९ होता आणि पुरुषांचा २१.६. पाच वर्षांत पुरुष झपाट्याने मांसाहाराकडे वळले, महिला जवळपास होत्या तिथेच राहिल्या. घरातला पुरुष खातो आणि बाई खात नाही, अशी घरं त्यामुळे वाढत असावीत.

महाराष्ट्रात हे नवीन आहे का?

अजिबात नाही. मिश्र घराचा सगळ्यात जुना मराठी नमुना म्हणजे माळकऱ्याचं घर. वारकरी संप्रदायात तुळशीची माळ घातली की मांस आणि दारू सोडायची, एकादशी धरायची, पंढरीची वारी करायची. माळ मात्र माणूस घालतो, सगळं घर घालतंच असं नाही. त्यामुळे आजोबा माळकरी आणि मुलं-नातवंडं आखाडात मटणावर ताव मारणारी, असं चित्र पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात घरोघरी दिसतं.

या घरांनी वाद न घालता काही रीती बसवल्या. वशाट शिजवायचं तर मागच्या अंगणात, तीन दगडांच्या चुलीवर. त्याची भांडी वेगळी, ती घरातल्या मांडणीवर येत नाहीत. जत्रेला माळकऱ्यांसाठी गोडं जेवण वेगळं शिजतं आणि त्यांची पंगत आधी उठते. कोकणात आणि गोव्यात दुसरी पद्धत आहे. तिथे माणूस नाही, तर दिवस शाकाहारी असतो. सोमवार किंवा गुरुवार शिवराक, श्रावण पूर्ण शिवराक, बाकी दिवस मासे. त्या दिवशी सगळ्या घराचं ताट एकच असतं.

या दोन्ही पद्धतींमध्ये एक गोष्ट समान आहे. शाकाहार पाळणाऱ्यामागे धर्माचं बळ असतं. आजोबांनी माळ घातली की त्यांना 'का खात नाही' असं कुणी विचारत नाही.

मग आता अडतं कुठे?

आजचा शाकाहारी बऱ्याचदा माळकरी नसतो. एखाद्या मुलीला प्राण्यांबद्दलच्या करुणेतून मांस नको असतं. कुणी पर्यावरणाचा विचार करून सोडतं, कुणाला डॉक्टरांनी लाल मांस कमी करायला सांगितलेलं असतं, कुणाला लहानपणापासून वासच सहन होत नाही. शिवाय आंतरजातीय लग्नांमुळे शाकाहारी घरातली सून मासे खाणाऱ्या घरात येते, किंवा उलट होतं.

यांच्या पाठीशी परंपरा नसते. त्यामुळे त्यांचा निर्णय घराला 'नखरे' वाटतो. 'नुसता रस्सा घे, फोडी बाजूला काढ' हा सल्ला मिळतो. शाकाहारी माणसाला रस्सा आणि फोड यात फरक नसतो, पण खाणाऱ्याला तो खरोखरच दिसत नाही. त्याच्या लेखी मांस म्हणजे फोड.

दुसरीकडे घरच्यांची अडचणही खरी असते. कोल्हापूरच्या घरात तांबडा-पांढरा रस्सा किंवा मालवणी घरात कोंबडी-वडे हे साधं जेवण नसतं. लेक माहेरी आली, पाहुणे आले, सण झाला, की तोच बेत असतो. त्याला नाही म्हटलं की आईला तो पदार्थ नाकारल्यासारखा वाटत नाही, माया नाकारल्यासारखी वाटते. त्यातच 'मांस खाणारे क्रूर' असं ऐकवलं गेलं, तर वाद ताटावरून जातीवर आणि संस्कारांवर जातो. महाराष्ट्रात अन्नाच्या शुद्ध-अशुद्धतेला जातीचा मोठा इतिहास आहे. मांसाहार करणाऱ्या अनेक समाजांना त्यावरून हिणवलं गेलं आहे. त्यामुळे घरातल्याच मुलाने नाक मुरडलं तरी ते झोंबतं.

स्वयंपाक कोण करतं?

हा या प्रश्नाचा सगळ्यात कमी बोलला जाणारा भाग आहे. घरातल्या पुरुषाने मांसाहार सोडला तर त्याच्यासाठी वेगळी भाजी होते. ती करणारी बहुधा आई, बायको किंवा सून असते. म्हणजे निर्णय एकाचा आणि काम दुसरीचं. घरातली बाई शाकाहारी असेल तर मात्र तिने मटण निवडायचं, धुवायचं, शिजवायचं, चव न घेता मीठ अंदाजाने घालायचं आणि स्वतःसाठी शेवटी काहीतरी करून घ्यायचं. अनेकदा ते 'काहीतरी' म्हणजे लोणचं-भाकरी किंवा दुपारची उरलेली भाजी असते.

इथे प्रश्न पोषणाचाही होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला रोज दर किलो वजनामागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५५ किलो वजनाच्या व्यक्तीसाठी हे साधारण ४६ ग्रॅम होतात. घरातल्या इतरांची प्रथिनं मटण, मासे, अंडी यांतून येतात. शाकाहारी सदस्याच्या ताटातून फोडी काढून टाकल्या आणि त्याजागी काहीच आलं नाही, तर त्याच्या वाट्याला भात आणि पोळीच उरते. डाळ, उसळ, दूध-दही, पनीर, शेंगदाणे हे ठरवून वाढावं लागतं. बी-१२ हे जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्या प्राणिजन्य पदार्थांतच मिळतं. दूध-दही भरपूर घेणाऱ्यांना ते काही प्रमाणात मिळतं, दूधही न घेणाऱ्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने पूरक गोळ्या घ्याव्या लागतात.

कायदा काय म्हणतो?

घरातल्या ताटाबद्दल कायदा काही सांगत नाही, आणि ते योग्यच आहे. २००८ मध्ये अहमदाबादमधल्या पर्युषण काळातल्या कत्तलखाना बंदीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नऊ दिवसांची ती बंदी वैध ठरवली. पण त्याच निकालात, माणूस काय खातो ही त्याची खासगी बाब असून ती अनुच्छेद २१ मधल्या खासगीपणाच्या हक्कात येते, असंही म्हटलं. हा हक्क मांसाहारी माणसाला आहे तितकाच शाकाहारीलाही आहे.

पाकिटबंद पदार्थांवरच्या खुणांचा मात्र घरात उपयोग होतो. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. मांसाहारासाठी आता तपकिरी त्रिकोण वापरला जातो. या नियमांत अंडं मांसाहारात मोडतं, तर दूध आणि मध शाकाहारात.

एकत्र राहायचं की वेगळं बसायचं?

सार्वजनिक ठिकाणी गेल्या काही वर्षांत वेगळं बसण्याकडे कल दिसतो. २०२३ मध्ये आयआयटी मुंबईच्या वसतिगृहांच्या खानावळीत सहा टेबलं शाकाहारींसाठी राखीव झाली आणि विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला १० हजार रुपये दंड झाला. मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने शाकाहारी ऑर्डरसाठी हिरव्या गणवेशातला वेगळा ताफा जाहीर केला. लाल गणवेशातल्या मुलांना सोसायट्यांत अडवलं जाईल, या टीकेनंतर दुसऱ्याच दिवशी गणवेशाचा रंग मागे घ्यावा लागला.

उलट दिशेचं उदाहरणही आहे. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं. न खाणाऱ्या मुलांना त्याऐवजी केळं किंवा दुसरं फळ. पंगत एकच, पदार्थ दोन. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने या अंड्यांसाठीचा निधी थांबवला आणि खर्च लोकसहभागातून करायला सांगितलं, त्यामुळे ती सोय मागे पडली. तिच्यामागचा विचार मात्र घराला लागू होतो.

मराठी स्वयंपाकात हे फारसं अवघडही नाही. रश्श्याचा जीव असलेलं कांदा-खोबऱ्याचं वाटण शाकाहारीच असतं. ते आधी परतून अर्धं वेगळं काढलं, तर एका भांड्यात मटण आणि दुसऱ्यात मटकी, वांगं किंवा काळे वाटाणे शिजू शकतात. वडे, भाकरी, सोलकढी दोघांनाही चालते. वेगळा डाव आणि वेगळं तेल एवढं पथ्य पाळलं की बहुतेक भांडणं मिटतात. हे दुसरं भांडं कोण चढवणार, हे मात्र घराने बोलून ठरवायला हवं. ज्याने निर्णय घेतला त्याने आठवड्यातून निदान काही दिवस स्वतः ओट्याशी उभं राहिलं, तर त्याचा शाकाहार घराला 'नखरा' वाटायचं प्रमाण नक्की कमी होईल.

बंदीचे आदेश पुढच्या सणाला पुन्हा निघतील आणि वादही होतील. बाहेर कुणाची बाजू घ्यायची हे प्रत्येकजण ठरवेल. आपल्या घरात सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी जेवणारं कोण आहे, हे पाहण्यासाठी मात्र कुठल्या आदेशाची गरज नाही.