‘मोकळे’ रान

लातूरहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यांवर, जेथे पूर्वी ज्वारीच्या ताटांमागून एखाद्या देवळाचा कळस किंवा गढीचा बुरूज दिसावयाचा, तेथे आता चुन्याच्या रेघांनी आखलेले चौकोन, एक कमान आणि ‘एन.ए. प्लॉट’ची पाटी दिसते. आणि विकणाऱ्यास विचारावे, तर तो निःशंकपणे सांगतो की, येथे काहीच नव्हते, रान मोकळे पडले होते. माझी हरकत या ‘मोकळे’ शब्दाला आहे.

कंधारचेच पाहावे. राष्ट्रकूटांच्या या नगरीतील ज्या तलावाला तिसऱ्या गोविंदाच्या ‘जगत्तुंग’ या बिरुदावरून जगत्तुंगसमुद्र हे नाव मिळाले, त्याचा उल्लेख तेथील दहाव्या शतकातील शिलालेखात येतो. तळ्याला समुद्र म्हणणाऱ्यांना अतिशयोक्तीची हौस होती खरी. परंतु या अवर्षणप्रवण मुलखात साठविलेल्या पाण्याची किंमत त्यांना आपल्याहून अधिक कळली होती, असे मानावयास मला संकोच वाटत नाही. तळे म्हणजे केवळ बांध आणि त्यामागचे पाणी नव्हे. ज्या माळावरून, ओढ्यांतून आणि गायरानातून पावसाचे पाणी त्याच्यापर्यंत उतरत येते, तो सारा उतार तळ्याचाच भाग होय. भुईकोटाचेही तसेच. कंधार काय, औसा काय, अथवा ज्याच्या परिसरात १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला ते उदगीर काय, यांना कड्यांचा आधार नाही. त्यांची सारी मदार खंदकावर आणि बुरुजावरून दूरवर नजर पोचेल अशा सपाट शिवारावर.

कायद्याला मात्र हा संबंध दिसत नाही. केंद्रसंरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापलीकडे २०० मीटर नियंत्रित, अशी मर्यादा २०१० च्या दुरुस्तीने घालून दिली. उलट जमीन महसूल अधिनियमाच्या ४२-ड कलमाने गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतची जमीन निवासी वापरासाठी अकृषिक समजण्याची वाट खुली केली. जुन्या गावांत गढी, देऊळ, बारव आणि ओढा हे सारे गावठाणाला खेटूनच असावयाचे. तेव्हा एका दफ्तराने जपावयाचे आणि दुसऱ्याने मोकळे करावयाचे, असा हा कारभार; आणि जे स्मारक केंद्राच्या यादीतच नाही, त्याच्या वाट्याला केंद्राचे ते १०० मीटरदेखील येत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, माणसांनी राहावयाचे कोठे? प्रश्न रास्त आहे, आणि मराठवाड्यात तर तो अधिकच जपून हाताळावयास हवा. कारण दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासून गायरान कसून पोट भरणाऱ्यांची येथे मोठी परंपरा आहे, आणि त्यांच्या घरकुलाला पुरातत्त्वाचे नाव सांगून विरोध करणे हा निव्वळ कोडगेपणा ठरेल. परंतु कमानीवाल्या वसाहतींतले भूखंड भूमिहीनांसाठी नसतात. ते बहुधा गुंतवणुकीसाठी घेतले जातात, आणि पुष्कळसे वर्षानुवर्षे गवत वाढवीत पडून राहतात, म्हणजे पुन्हा मोकळेच. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जानेवारीत गावाच्या सामाईक जमिनींविषयी सुनावल्यानंतर त्याच वर्षी १२ जुलै रोजी राज्य शासनाने गायरानाच्या वाटपास लगाम घालणारा निर्णय काढला. खाजगी उतारावरून वाहणाऱ्या ओढ्याला मात्र असा त्राता मिळालेला नाही.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आले, तेव्हा पहिल्या खेपेस पाच लाख लिटर पाणी पाहण्यास स्थानकावर गर्दी लोटली होती. त्या गर्दीतले कितीएक आज असेच भूखंड विकत वा घेत असतील. मी त्यांना दोष देत नाही; माझे मागणे तहसील कचेरीकडे आहे. अकृषिक सनद देण्यापूर्वी मोजणीच्या नकाशावर ओढे, नाले, पाणंदी आणि तळ्याचे पाणलोट जुन्या खासरा पाहणीपत्रकाशी ताडून काढले जावे, ते गावच्या चावडीवर महिनाभर लावले जावे, आणि जेथे पाण्याची वाट अडेल तेथे परवानगी नाकारण्याचे कारण नकाशावरच लिहिले जावे.