१८४८ साली हरलेली माणसं

अब्राहम लिंकन यांचं नाव शाळेत जाणाऱ्या मुलांनाही माहीत असतं. गुलामांना मुक्त करणारा माणूस, ही त्यांची ओळख. पण महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक काढलं, तेव्हा ते लिंकनना अर्पण केलं नाही. अर्पण केलं अमेरिकेतल्या सज्जन लोकांना. काळ्या गुलामांच्या सुटकेसाठी त्यांनी निःस्वार्थपणे झीज सोसली म्हणून, आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्र बांधवांच्या मुक्तीसाठी तोच कित्ता गिरवावा म्हणून.

ही सज्जन माणसं कोण? गुलामगिरी पाप आहे असं सांगत गावोगाव फिरणारे स्त्री-पुरुष त्यांत होतेच. पण साधे मतदारही होते.

१८४६ मध्ये अमेरिका आणि मेक्सिकोचं युद्ध सुरू झालं. जिंकलेल्या नव्या प्रदेशात गुलामगिरी येऊ देऊ नये, असा ठराव डेव्हिड विल्मट या खासदाराने मांडला. खालच्या सभागृहात तो संमत झाला, सिनेटमध्ये अडला. मग १८४८ च्या ऑगस्टमध्ये बफेलो शहरात ‘फ्री सॉइल’ नावाचा नवा पक्ष उभा राहिला. त्याची मागणी मर्यादित होती. जिथे गुलामगिरी आहे तिथे ती मोडा, असं तो म्हणत नव्हता. यापुढे एक पाऊलही नको, एवढंच म्हणत होता.

त्या वर्षी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत या पक्षाला सुमारे १० टक्के मतं मिळाली. एकही राज्य जिंकता आलं नाही. लोकांनी त्याला मोडीत काढलं असेल तर नवल नाही.

पण मळमालकांना धोका बरोबर कळला होता. प्रत्येक नव्या राज्याचे दोन प्रतिनिधी सिनेटमध्ये बसतात. नवी राज्यं गुलामांविना वाढत गेली, तर आज ना उद्या आपण अल्पमतात जाणार, हा त्यांचा हिशेब. १८५४ मध्ये नव्या कायद्याने गुलामगिरीची जुनी सीमा पुसली, तेव्हा संतापलेले लोक एकत्र आले आणि रिपब्लिकन पक्ष जन्मला. ‘फ्री सॉइल’वालेही त्यात मिसळले. १८६० मध्ये लिंकन निवडून आले ते याच मागणीवर, की गुलामगिरी पसरू देणार नाही. तेवढ्यावरूनच दक्षिणेतली राज्यं फुटली, युद्ध पेटलं आणि १८६५ मध्ये राज्यघटना बदलून गुलामगिरी संपवली गेली. सुमारे ४० लाख माणसांचा प्रश्न होता तो.

त्या युद्धात अमेरिकेचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं आणि बाजार कोसळला. कित्येकांसाठी अमेरिका एवढीच होती. पुण्यात फुल्यांनी मात्र त्यातून वेगळंच घेतलं. ज्या १८४८ मध्ये तो पक्ष हरला, त्याच वर्षी त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली होती. ‘गुलामगिरी’ निघाली त्याच वर्षी, २४ सप्टेंबरला, त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. शिक्षण आणि सरकारी कचेऱ्या एकाच जातीच्या हाती का, हा त्यांचा सवाल होता.

त्याच सवालाचं एक उत्तर १९०२ मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांनी दिलं. निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. दुसरं उत्तर आपल्या म्हैसूरचं. १९१८ मध्ये नाल्वडी कृष्णराज वडियार यांनी सर लेस्ली मिलर यांची समिती नेमली. सात वर्षांच्या आत वरच्या नोकऱ्यांपैकी निदान निम्म्या आणि खालच्या नोकऱ्यांपैकी निदान दोन तृतीयांश ब्राह्मणेतरांना मिळाव्यात, असं समितीने सुचवलं. दिवाण विश्वेश्वरय्यांना हे पटलं नाही. नोकरी गुणवत्तेवरच द्यावी, असं त्यांचं मत होतं.

गुलामगिरी आणि नोकऱ्यांची मक्तेदारी या सारख्या गोष्टी नव्हेत. पण मार्ग तोच दिसतो: अन्याय एका दमात मोडता येत नसेल, तर आधी त्याला कुंपण घाला.

अशा कुंपणाला मर्यादाही असतात. ‘फ्री सॉइल’ला मत देणाऱ्या अनेकांना काळ्या माणसाची बरोबरी नको होती; नवी जमीन गोऱ्या शेतकऱ्याला मिळावी, एवढंच हवं होतं. म्हैसूरमध्येही पहिला लाभ जमीनदार जातींना झाला, दलितांच्या वाट्याला फार उशिरा आला. म्हणून कुंपण घातलं की काम झालं, असं समजून चालत नाही.

मुलांना लिंकनची गोष्ट सांगाल, तेव्हा १८४८ मध्ये हरलेल्या त्या मतदारांचीही सांगा. आपलं एक मत वाया गेलं असं वाटणाऱ्या मोठ्यांनाही ती ऐकवा.