लिखा की कोंडा?

जुलै लागला की वर्गातल्या मुलींचे हात वहीपेक्षा डोक्याकडे अधिक जाऊ लागतात, आणि मग पालकांच्या चिठ्ठ्या येतात: ‘आमच्या मुलीस अमकीच्या शेजारी बसवू नये.’ ही ‘अमकी’ बहुधा गरीब घरची असते, तिची वेणी तेलावाचून रुक्ष असते, आणि निवाडा तेवढ्यावरच झालेला असतो.

ऊ आणि गरिबाचे डोके ही जोडी सुरतेस जुनीच आहे. येथल्या जनावरांच्या धर्मादाय दवाखान्यात उंदीर-ढेकणांसाठीही एक दालन होते आणि भिकाऱ्यांना पैसे देऊन रात्रभर पिसवा, उवा व ढेकणांच्या स्वाधीन करीत, असे जेम्स फोर्ब्ज या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने १८१३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत लिहिले आहे. अट एवढीच, की पाहुण्यांच्या भोजनात व्यत्यय आणायचा नाही!

पालकांचा निवाडा मात्र काळाच्या हिशेबातच चुकतो. खाज सुटते ती उवेच्या लाळेमुळे, आणि उवा प्रथमच झाल्या असतील तर ती सुरू होण्यास ४ ते ६ आठवडे लागू शकतात. मे महिन्यात धुळे-जळगावकडे लग्नास गेलेली, मावसबहिणींच्या डोक्याला डोके लावून एका सतरंजीवर निजलेली मुलगी ऊ घेऊन लिंबायतला परतते; ते जूनअखेरपर्यंत कोणास कळतही नाही. कळते तेव्हा दोष बाकावरच्या नव्या शेजारणीवर जातो. ऊ उडत नाही, उडीही मारत नाही. केसाला केस लागला की चालत पलीकडे जाते. न्हालेले, स्वच्छ केस तिला वर्ज्य नाहीत.

तेव्हा खाजेची वाट न पाहता डोके पाहावे. ऊ तिळाएवढी, उजेड पडताच दडणारी. म्हणून आधी नजरेस पडते ती लीख. कानांमागे आणि मानेवर, केसांच्या मुळाशी शोधावे. बोटाने झटकताच गळून पडतो तो कोंडा. लीख लांबट असते, केसाच्या एका बाजूस डकवल्यासारखी बसते आणि नखांच्या चिमटीने ओढल्यावाचून सुटत नाही. जिवंत लीख सहसा कातडीपासून पाव इंचाच्या आत आणि किंचित तपकिरी असते. केस महिन्याला सुमारे अर्धा इंच वाढतो. त्यामुळे इंचभर दूर सापडलेली पांढरी टरफले ही दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट झाली. पुष्कळ माउल्या या रिकाम्या टरफलांवरच औषधाच्या बाटल्या रित्या करतात. फणीत चालती ऊ सापडली तरच उवा आहेत असे खात्रीने म्हणावे.

एका वर्षी चौथीतल्या एका मुलीचे केस घरच्यांनी अशाच संशयावरून मुळापासून कापून टाकले. दोन दिवस ती डोक्याला रुमाल बांधून आली, तिसऱ्या दिवसापासून येईनाशी झाली. वर्गशिक्षिकेने तिचे डोके त्याआधीच पाहिले होते. तो कोंडा होता.

डोक्यातल्या उवांमुळे कोणताही रोग पसरत नाही. त्या आढळल्या म्हणून मुलास घरी बसवू नये, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. उपाय घरचाच आहे. केसांना भरपूर तेल लावून बारीक दातांची फणी मुळापासून टोकापर्यंत फिरवावी, दर दोन-तीन दिवसांनी, निदान दोन आठवडे. औषध घ्यावयाचे तर डॉक्टरांना विचारून परमेथ्रिनचे घ्यावे. लीख ७ ते १० दिवसांत फुटते, म्हणून ते सुमारे ९ दिवसांनी पुन्हा लावावे लागते. रॉकेल मुळीच नको. त्याने कातडी भाजते आणि शेजारी चूल पेटलेली असेल तर केसही. घरातल्या सर्वांची डोकी एकाच दिवशी पाहावीत, मुलग्यांचीसुद्धा, आणि काम झाल्यावर फणी ५–१० मिनिटे कढत पाण्यात बुडवून ठेवावी.