तंबाखूला पर्याय हवा, तो बाजारासह

कीटकशास्त्राच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत मावा, फुलकिडे अशा मऊ अंगाच्या किडींसाठी निकोटिन सल्फेटची शिफारस आढळते. तंबाखूचे झाड निकोटिन आपल्या मुळांत तयार करते आणि पानांत साठवते. पाने खाणाऱ्या किडींपासून स्वतःचे रक्षण करण्याची ती त्याची रीत आहे. हे द्रव्य किडींच्या मज्जासंस्थेवर आघात करते आणि माणसाच्या त्वचेतूनही शरीरात शिरते. आज भारतात कीटकनाशक म्हणून निकोटिन सल्फेटच्या वापरास बंदी आहे. मात्र त्याच निकोटिनने भरलेले पान कोट्यवधी माणसे रोज तळहातावर चुन्यासोबत मळून तोंडात ठेवतात.

जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७ मधील दुसऱ्या फेरीनुसार भारतातील १५ वर्षांवरील २८.६ टक्के व्यक्ती, म्हणजे सुमारे २६.७ कोटी लोक, कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करत होते. धूम्रपान करणारे १०.७ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २१.४ टक्के होते. २००९-१० च्या पहिल्या फेरीत एकूण प्रमाण ३४.६ टक्के होते. महाराष्ट्रातही ते याच काळात ३१.४ वरून २६.६ टक्क्यांवर आले. धोरणाने फरक पडतो, हे या आकड्यांवरून दिसते. २००३ च्या कायद्याने जाहिरातींवर, सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर आणि अठरा वर्षांखालील मुलांना होणाऱ्या विक्रीवर निर्बंध आणले. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. २०१६ पासून वेष्टनाच्या ८५ टक्के भागावर धोक्याचा इशारा छापणे बंधनकारक झाले.

बांधावर न पोहोचलेले धोरण

या साऱ्या उपायांचा रोख दुकान, वेष्टन आणि ग्राहक यांच्यावर आहे. भारताने २००४ मध्ये मान्यता दिलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारात आणखी दोन कलमे आहेत. सतरावे कलम तंबाखू उत्पादकांना आर्थिकदृष्ट्या परवडणारे पर्याय देण्यास सांगते. अठरावे कलम लागवडीतील माणसांच्या आरोग्याची आणि पर्यावरणाची काळजी घेण्यास सांगते. ही दोन्ही कलमे शेतीची आहेत आणि त्यांचीच अंमलबजावणी सर्वांत दुबळी आहे.

शेतकरी तंबाखू का पिकवतो, या प्रश्नाचे उत्तर व्यसनात शोधून उपयोग नाही. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकातील व्हर्जिनिया तंबाखूच्या उत्पादकाला १९७६ मध्ये स्थापन झालेल्या तंबाखू मंडळाची चौकट उपलब्ध आहे. नोंदणी होते, किती पिकवायचे ते आधी ठरते, बँकेचे कर्ज मिळते आणि माल लिलाव केंद्रावर विकला जातो. दर दरवर्षी समाधानकारक असतोच असे नाही. परंतु माल कोठे न्यायचा, ही चिंता उरत नाही. भाजीपाला वा डाळी पिकवणाऱ्या किती शेतकऱ्यांना हे सांगता येईल?

विडी तंबाखूच्या शेतकऱ्याला हा आधार नव्हता. व्यापारी ठरवेल तोच भाव घ्यावा लागे. १९८१ मध्ये निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली महामार्गावर ठाण मांडले. गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्या आंदोलनाची मागणी रास्त भावाची होती. तंबाखूच्या शेतकऱ्यासाठी पिकाचा प्रश्न हा आधी भावाचा प्रश्न असतो, हे निपाणीने सांगितले. पर्यायी पीक सुचवणाऱ्या प्रत्येकाने ते ध्यानात ठेवले पाहिजे.

हरभऱ्याने दिलेला धडा

पर्याय असतच नाही, हा समज आंध्रातील प्रकाशम जिल्ह्याने खोटा ठरवला. लवकर तयार होणारा, मररोगाला प्रतिकारक असा जेजी ११ हा हरभऱ्याचा वाण आला, यंत्राने पेरणी-मळणी सुलभ झाली, साठवणुकीस शीतगृहे उभी राहिली आणि काळ्या जमिनीवरील तंबाखूचे मोठे क्षेत्र हरभऱ्याखाली गेले. त्यासाठी कोणतीही बंदी घालावी लागली नाही. पुढे हरभऱ्याचे दर कोसळले तेव्हा मात्र शीतगृहांत माल पडून राहिला आणि शेतकरी कर्जात अडकला. संशोधनाने पर्याय दिला होता. बाजाराने तो टिकवला नाही.

२०१५-१६ पासून पीक विविधीकरण कार्यक्रम महाराष्ट्रासह दहा तंबाखू उत्पादक राज्यांना लागू झाला. प्रात्यक्षिके आणि निविष्ठा आवश्यकच आहेत. परंतु बियाण्याच्या पिशवीने एक हंगाम बदलतो, पीकपद्धती बदलत नाही. तंबाखू सोडणाऱ्या शेतकऱ्याला किमान तीन-चार हंगामांची खरेदीची हमी, त्याच कर्जमर्यादेचे सातत्य आणि जवळ साठवणुकीची सोय, या तीन गोष्टी एकत्र मिळाल्या पाहिजेत. देशाच्या लागवडीखालील क्षेत्रापैकी अर्धा टक्काही तंबाखूखाली नाही. इतक्या मर्यादित क्षेत्रासाठी अशी हमी देणे सरकारच्या आवाक्याबाहेरचे मानता येणार नाही.

विस्तार कार्यकर्त्याचे काम

हे होईपर्यंत तंबाखूच्या शेतात राबणाऱ्यांना वाऱ्यावर सोडता येत नाही. दवाने, पावसाने किंवा घामाने ओली झालेली पाने हाताळताना निकोटिन त्वचेतून शोषले जाते आणि मळमळ, उलटी, चक्कर, डोकेदुखी सुरू होते. गुजरातमधील तंबाखू कामगारांत या आजाराचा शास्त्रीय अभ्यास झालेला आहे. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांच्या विषबाधेची सुरुवातीची लक्षणेही अशीच असतात. त्यामुळे रुग्ण तंबाखूच्या शेतातून आला आहे, हे डॉक्टरांना सांगणे महत्त्वाचे ठरते. दव उडाल्यावर काम सुरू करणे, हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे वापरणे, भिजलेले कपडे लगेच बदलणे, ही खबरदारी स्वस्त आहे. ती अद्याप लागवडीच्या शिफारशींच्या पत्रकाचा नेहमीचा भाग झालेली नाही.

दुसरे काम तंबाखू न पिकवणाऱ्या गावांतही करावे लागेल. फवारणी करताना खाऊ-पिऊ नये, धूम्रपान करू नये, तंबाखू चघळू नये, असे प्रशिक्षणात सांगितले जाते. प्रत्यक्षात पंप खाली ठेवला की त्याच हाताने तंबाखू मळली जाते आणि हातावरचे कीटकनाशक तिच्यासोबत तोंडात जाते. फवारणीच्या प्रशिक्षणात नोझल आणि मात्रा यांच्याइतकाच वेळ या एका सवयीला द्यायला हवा. सांगणाऱ्याच्या स्वतःच्या खिशात पुडी असेल, तर त्याचे सांगणे कोणी ऐकणार नाही.

तंबाखूतून मिळणारे परकीय चलन आणि त्यावर अवलंबून असलेले रोजगार ही वस्तुस्थिती आहे, आणि कोणीही उद्याच पीक उपटून टाकण्यास सांगत नाही. परंतु मागणी कमी करण्याचे धोरण यशस्वी व्हावे अशी देशाची इच्छा असेल, तर त्या यशाची किंमत एकट्या उत्पादकाने मोजणे न्याय्य नाही. आरोग्य खात्याने वेष्टनावर इशारा छापला आहे. आता कृषी खात्याने शेतकऱ्याच्या हाती खरेदीची हमी द्यावी.