एक पासवर्ड, पाच जण

आमची भाची वरोरला घरून काम करते. ऑफिस मुंबईत. लहान लेकरे टाकून रोज वाणगाव स्टेशन गाठणे तिला जमत नाही, म्हणून घरच्या लॅपटॉपवरून ऑफिसच्या सर्व्हरवर जाऊन ती हिशेब लिहिते. मागच्या महिन्यात रडवेली होऊन आली. "मामू, कुणीतरी तीन बिलांच्या नोंदी पुसल्यात आणि सगळे माझ्याकडे बघतायत."

विचारपूस केली तेव्हा मूळ सापडले. कामाला लागली तेव्हा तिच्या नावाने सर्व्हर उघडतच नव्हता. दुरून साइन इन करण्याचा हक्क तुम्हाला नाही, असा संदेश यायचा. कारण शोधण्याऐवजी ऑफिसवाल्यांनी तिला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्डच देऊन टाकला. तोच आणखी चौघांकडे. पाच जण एकाच नावाने आत जात असतील, तर नोंद कुणी पुसली हे सर्व्हर तरी कसे सांगणार? शिवाय त्याच नावाने दुसरा आत आला की विंडोज सहसा पहिल्याला बाहेर काढते. भाचीचे काम मध्येच तुटायचे ते यामुळे. ती बिचारी गावच्या नेटला दोष देत होती.

खरे तर तो संदेशच उत्तर सांगत होता. पासवर्ड चुकला तर वेगळा संदेश येतो, सर्व्हरपर्यंत पोहोचलोच नाही तर वेगळा. 'हक्क नाही' म्हणजे तुम्हाला ओळखले आहे, पण या दारातून परवानगी नाही. मुलाचे नाव हजेरीपटावर आहे, सहलीच्या यादीत नाही, तसे.

सर्व्हर सांभाळणाऱ्याने चार गोष्टी पाहाव्यात. खाते 'रिमोट डेस्कटॉप यूजर्स' या गटात आहे का? सुरक्षा धोरणातील 'अलाऊ लॉग ऑन थ्रू रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस' या यादीत तो गट आहे का? याच नावाची 'डिनाय' यादीही असते. तिच्यात नाव असेल तर नकारच चालतो. आणि सर्व्हर 'डोमेन कंट्रोलर' असेल तर नुसत्या गटाने भागत नाही. तिथे मुळात अ‍ॅडमिनिस्ट्रेटरलाच दुरून प्रवेश असतो. हिशेबाचे काम दुसऱ्या यंत्रावर ठेवणेच बरे. गट बदलल्यावर बाहेर पडून पुन्हा साइन इन करावे.

हे दार इंटरनेटवर सताड उघडेही ठेवू नये. आधी व्हीपीएन, मग सर्व्हर. मे 2019 मध्ये 'ब्लूकीप' नावाचा दोष उघड झाला. त्यातून जुन्या विंडोजमध्ये पासवर्डशिवायही घुसता येत होते. मायक्रोसॉफ्टने तेव्हा, मदत बंद केलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती दिली.

भाचीने ऑफिसला लेखी कळवले. तिचे नाव गटात घातले आणि काम सुरू झाले. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्डही बदलला. त्या तीन नोंदी कुणी पुसल्या, ते मात्र आजही कळलेले नाही. संशय तसाच राहिला.

म्हणून घरून काम करणाऱ्या आमच्या बहिणी-लेकींना सांगणे एवढेच: दुसऱ्याचा पासवर्ड कुणी प्रेमाने दिला तरी घेऊ नका. ती त्याची अमानत आहे. आपल्या नावाने, आपल्या कामापुरता हक्क मागा, आणि लेखी मागा. त्यात संकोच कसला?