अनुभव : शून्य महिने

गेल्या सप्टेंबरातील गोष्ट. वसतिगृहाच्या खोलीत बसून मी 'कॅट' परीक्षेचा अर्ज भरीत होतो. नाव, पत्ता, दहावी-बारावीचे गुण हे सारे भराभर झाले. मग एक चौकट आली : पूर्णवेळ कामाचा अनुभव किती महिने? तेथे हात थांबला. बारावीपासून तीन दिवाळ्या मी लातूरच्या बाजारात एका आडत दुकानी पट्ट्या लिहिण्यात काढल्या आहेत. पण ह्या चौकटीला हवा असतो पदवीनंतरचा, पूर्णवेळ आणि कागदावर सिद्ध होणारा अनुभव. माझ्याजवळ पदवीच नव्हती. मी शून्य लिहिले.

दुसऱ्या दिवशी मेसमध्ये ही गोष्ट सांगितली, तेव्हा जवळजवळ प्रत्येकाने एकच सल्ला दिला, "आधी दोन वर्षे कुठे तरी चिकट, मग अर्ज कर." आपल्या काही आदरणीय प्राध्यापकांचेही मत असेच आहे. मित्रहो, हा सल्ला चांगल्या मनाने दिला जातो ह्याबद्दल मला शंका नाही. परंतु आपल्या भागातील कला शाखेच्या विद्यार्थ्याला तो बहुधा घातकच ठरतो असे मला वाटते, आणि त्यासाठीच हा लेखनप्रपंच.

मुळात अनुभवाची ही अट आली कोठून? तिचे माहेर अमेरिका. हार्वर्डची व्यवस्थापनशाळा १९०८ साली निघाली. तेथील आजचे बहुतेक विद्यार्थी काही वर्षे नोकरी करून आलेले असतात. शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्याला निवडले तरी आधी निदान दोन वर्षे काम करून ये, असे सांगणारी योजनाही तेथे आहे. आपल्याकडे १९६१ मध्ये अहमदाबादची संस्था उभी राहिली ती ह्याच हार्वर्डच्या सहकार्याने. तरी तिने पदवी घेऊन थेट येणाऱ्या मुलांना दार उघडे ठेवले. आजही कॅटसाठी पदवीला ५० टक्के गुण पुरतात, राखीव प्रवर्गातील काहींना ४५. शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी अर्ज करू शकतो. अनुभवाची अट कोठेही नाही. आपल्या राज्याच्या सी.ई.टी.तून होणाऱ्या प्रवेशांची गुणवत्ता यादी तर परीक्षेच्या गुणांवरच लागते. हैदराबादची संस्था, जी नांदेडकरांना पुण्याहून जवळ पडते, ती प्रामुख्याने अनुभवी लोकांसाठी म्हणून २००१ मध्ये सुरू झाली. पण तिनेही पुढे शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी वेगळी वाट काढली.

अनुभवाला काहीच किंमत नाही असे मात्र मी म्हणत नाही. बंगळूरच्या संस्थेच्या निवडपद्धतीत अनुभवाच्या महिन्यांना गुण मिळत आले आहेत, आणि ते ३६ महिन्यांपर्यंत वाढत जातात. तेव्हा शून्य महिन्यांचा उमेदवार तेथे मागे पडतो हे खरे. पण मागे पडणे वेगळे आणि अर्जच न करणे वेगळे. दुसरा नियम कोणत्याही संस्थेने केलेला नाही. तो आपण आपल्यावर लादून घेतला आहे.

आता ही 'दोन वर्षे' म्हणजे काय ते पाहू. लातूरने बारावी विज्ञानाच्या मुलांसाठी एक पॅटर्न उभा केला आणि त्यातून डॉक्टर, इंजिनियर घडले. बी.ए. झालेल्याच्या वाट्याला असा कोणताही पॅटर्न नाही. त्याला मिळते ती पुण्याला कॉल सेंटरची किंवा फायनान्स कंपनीच्या वसुलीची नोकरी. चार जणांत एक खोली, बारा तासांचे काम, आणि रात्री गणिताचे पुस्तक उघडायचे म्हटले तर डोळे मिटतात. चौकटीत २४ हा आकडा येतो खरा. परंतु गेलेल्यांपैकी परीक्षेला पुन्हा बसलेला माझ्या माहितीत एकही नाही.

मुलींच्या बाबतीत तर 'दोन वर्षे थांब' ह्याचा अर्थ वेगळाच होतो. लोह्याकडची आमची एक वर्गभगिनी गणितात माझ्याहून हुशार आहे. तिने ह्या वर्षी अर्ज केला नाही. आधी अनुभव घे, असे तिलाही सांगण्यात आले होते. दिवाळीच्या सुट्टीत घरी पाहुणे येऊन गेले. आता ती परीक्षेला तरी बसेल की नाही, कोणी सांगावे!

प्राध्यापकांच्या म्हणण्यातील एक मुद्दा मात्र मला मान्य आहे. व्यवस्थापनाच्या वर्गात एखाद्या धंद्याची प्रत्यक्ष अडचण पुढे ठेवून चर्चा चालते, आणि ज्याने धंदा जवळून पाहिलेलाच नाही तो तेथे मुका राहतो. पण आपण काहीच पाहिलेले नाही काय?

२०२४ च्या हंगामातील एक प्रसंग सांगतो. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्या बराच खाली. सरकारी खरेदीला मॉइश्चर १२ टक्क्यांच्या आत लागे. नोव्हेंबरात ती मर्यादा १५ वर नेली गेली. त्याआधी आमच्या अहमदपूरकडचा एक शेतकरी दहा क्विंटल माल घेऊन दुकानी आला. मॉइश्चर निघाले १८. बाजारात ४,००० ने विकावा तर हातात ४०,००० येतात, वर हमाली-तोलाई कापून. वाळवून सरकारी केंद्रावर न्यावा तर पाणी उडून माल भरतो नऊ क्विंटल बत्तीस किलो, म्हणजे सुमारे ४५,५०० रुपये. वरकरणी साडेपाच हजारांचा फायदा. पण त्यातून टेम्पोची दुसरी खेप, वाळवणाची मजुरी, पुन्हा पावसाची भीती, पैसे खात्यावर येईपर्यंतचे दिवस आणि तोवर दुकानाच्या उचलीवर चढणारे व्याज वजा करा. मी पट्टीच्या पाठीवर हा हिशेब मांडून दिला. त्याने तो नीट ऐकला, आणि माल बाजारातच विकला. म्हणाला, "लेकीची फी सोमवारी भरायचीय, बाबा." माझ्या हिशेबात सोमवार नव्हता. ह्याला अनुभव म्हणायचे नाही तर कशाला?

तेव्हा अर्जात शून्य लिहावे, कारण नियमाने ते शून्यच आहे. आणि मुलाखतीत मात्र सोयाबीन सांगावे, आकड्यांसह सांगावे. कमवा व शिका योजनेत ग्रंथालयाची नोंदवही सांभाळणारे, आईच्या बचत गटाचा हिशेब लिहिणारे, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात शंभर मुलांच्या जेवणाचा बाजार करणारे आपल्यात कितीतरी आहेत. पण विचारले की हे सारे खाली मान घालून म्हणतात, "काही नाही सर, असंच."

येथे माझाही दोष कबूल करायला हवा. अर्ज भरण्याच्या सुमारास शहरातील एका ओळखीच्या गृहस्थाने पाच हजारांत अनुभवाचा दाखला देऊ केला होता. ज्या दुकानाची पायरी मी चढलो नाही, तेथे मी म्हणे सहायक व्यवस्थापक होतो. तारखा पदवीनंतरच्या हव्यात हेदेखील त्या भल्या माणसाला ठाऊक नव्हते! दाखल्याचा नमुना दोन दिवस माझ्या ट्रंकेत होता. परत केला तो तत्त्वासाठी केला असे म्हणालो तर ते खोटे होईल. मुलाखतीत त्या दुकानाबद्दल कोणी एक प्रश्न जरी विचारला असता, तरी माझी बोबडी वळली असती. ह्या भीतीनेच तो परत गेला. मग मी आडत दुकानाच्या मालकांकडे खरा दाखला मागितला. ते बराच वेळ गप्प बसले. "लिहून काय देऊ? तू तर सुट्टीत यायचास," म्हणाले. त्यांचेही चूक नव्हते. माझे नाव कोणत्याच हजेरीपटावर नव्हते. शेवटी त्यांनी दुकानाच्या कागदावर मराठीत चार ओळी लिहिल्या आणि शिक्का मारला. अर्जाला त्या कागदाचा उपयोग नाही. मुलाखतीला मी तो घेऊन जाणार आहे.

कॅटचा निकाल लागला. जुन्या संस्थांचे बोलावणे आले नाही. एका नव्या संस्थेच्या मुलाखतीच्या यादीत नाव आहे, आणि सी.ई.टी. अजून व्हायची आहे. फीचा आकडा ऐकून वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मोठ्या संस्थांसाठी बँका तारणाशिवाय कर्ज देतात, हे त्यांना बँकेच्या साहेबांनीच सांगितले तेव्हा पटले.

महाविद्यालयाकडे एक मागणी आहे. कमवा व शिका, सेवा योजना, स्नेहसंमेलनाचा जमाखर्च अशी जी कामे विद्यार्थी येथे करतात, त्यांची एक नोंदवही ठेवावी : काम कोणते, किती तास, किती रकमेचा व्यवहार, आणि खाली ज्यांनी ते काम पाहिले त्या प्राध्यापकांची सही. कॅटचे अर्ज ऑगस्टमध्ये सुटतात. त्याआधी ही वही सुरू झाली तर पुढच्या तुकडीला मुलाखतीत दाखविण्याजोगे काही तरी हाती राहील. नमुन्याचे एक पान आखून मी अर्थशास्त्र विभागात देऊन ठेवले आहे.