एकट्याचा पट

एकटा माणूस पट मांडून बसला की आपल्या घरांतून त्याच्याकडे कणवेने पाहण्याची रीत आहे. ‘बिचाऱ्यांना जोडीदार नाही’ असे सुनेने सासूच्या कानात म्हणावे, एखाद्या नातवाने केवळ दयेपोटी समोर येऊन बसावे आणि तिसऱ्या खेळीला कंटाळून उठून जावे, हे दृश्य ग्वाल्हेर-इंदूरच्या जुन्या मराठी कुटुंबांना नवे नाही. कणवेला कारणही आहे. ज्या वाड्यांतून चार भावांची चार बिऱ्हाडे एका चौकाभोवती नांदत होती तेथे आता दोन वृद्ध माणसे आणि एक कुलूपबंद माडी उरली आहे. मुले पुण्यास, बंगळूरास आणि त्याही पलीकडे गेली. जोडीदार खरोखरीच नाही. तथापि, जोडीदार नाही म्हणून खेळणे आणि एकट्याने खेळणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीची आपल्याकडे जी उपेक्षा होते ती आम्हांस अन्यायाची वाटते.

सर्वच खेळ एकट्याचे होऊ शकत नाहीत, हे आधीच मान्य करू. सारीपाट हा माणसांचा खेळ आहे. त्यातली अर्धी गंमत फाशांत आणि अर्धी आरडाओरड्यात. पौबारा पडल्यावर ज्याच्याकडे पाहून मिशीला पीळ द्यावा असा कोणी समोर नसेल तर सोंगट्या नुसत्या लाकडाच्या होतात. ज्या खेळात हातची पाने लपवून प्रतिपक्षाला झुकांडी द्यायची, तोही एकट्याला निरर्थकच. स्वतःपासून पाने कशी लपवणार?

पण बुद्धिबळाच्या पटावर एकट्याने बसण्याला मोठी परंपरा आहे. धर्मशास्त्रावरील ‘भगवंतभास्कर’ ह्या ग्रंथाचे कर्ते नीलकंठभट्ट सतराव्या शतकात काशीस होऊन गेले. त्यांचे घराणे मूळचे पैठणचे. पणजोबा रामेश्वरभट्ट काशीस जाऊन स्थायिक झाले. म्हणजे परमुलखात जाऊन राहिलेले हे आपल्यासारखेच दक्षिणी घर. ज्या भगवंतदेव नावाच्या राजाच्या आश्रयाने हा ग्रंथ झाला त्याचे भरेह हे ठाणे चंबळ आणि यमुना ह्यांच्या संगमाजवळ होते, ग्वाल्हेरीहून काही फार लांब नव्हे. ह्या ग्रंथाच्या नीतिमयूखात बुद्धिबळाचे प्रकरण आहे आणि त्यात घोड्याच्या फेरीचे मार्ग दिले आहेत. एकच घोडा घ्यायचा, अडीच घरांच्या चालीने पटावरची चौसष्टही घरे फिरायची आणि कोणत्याही घरात दुसऱ्यांदा पाऊल टाकायचे नाही. युरोपात ऑयलरसारख्या गणितज्ञाने हाच प्रश्न अठराव्या शतकात हाताळला. येथे प्रतिपक्ष नाही, वजीर नाही, मात नाही. राजनीतीचा ग्रंथ लिहिणाऱ्या शास्त्रीबुवांना असला एकाकी उद्योग नोंदवण्यात काही कमीपणा वाटला नाही. (तेहेतीस खळग्यांत बत्तीस काचेच्या गोट्या ठेवून मध्ये एकच उरवण्याचा जो ब्रेनव्हिटा आपल्या घरोघरी असे, तो ह्याच जातीचा.)

ह्यावर कोणी स्टेफान त्स्वाइगच्या बुद्धिबळकथेचा दाखला देईल. ह्या ऑस्ट्रियन लेखकाने १९४२ साली आत्महत्या केली. त्यापूर्वी नुकत्याच लिहून संपवलेल्या ह्या दीर्घकथेत नाझींच्या एकांत कैदेतला एक मनुष्य चोरून मिळवलेल्या पुस्तकातले दीडशे डाव पाठ करतो, ते संपल्यावर स्वतःविरुद्ध खेळू लागतो आणि अखेर त्याचे डोके फिरते. कथा भेदक आहे. परंतु त्या कैद्याला पट नव्हता. प्रथम चौकडीच्या चादरीवर पावाच्या चुऱ्याच्या सोंगट्या करून तो खेळला, पुढे सारा खेळ डोक्यातच गेला. आणि मुख्य म्हणजे त्याच्या खोलीचे दार बाहेरून बंद होते. आपल्या ओसरीवर बसलेल्या माणसाला दार आहे, अंगण आहे, चार वाजताचा चहा आहे. संगीत शिकवणाऱ्या आमच्यासारख्याला तर हा भेद रोज दिसतो. रियाज म्हणजे श्रोते न मिळाल्यामुळे उरलेली मैफल नव्हे. त्याची वेळ वेगळी, त्याचे समाधानही वेगळे.

आता लढायांचे पट. ज्यांना वॉरगेम म्हणतात त्या खेळांचा उगम प्रशियात झाला. राइसविट्झ नावाच्या पितापुत्रांपैकी पित्याने १८१२ साली असा खेळ राजापुढे मांडला आणि पुत्राने १८२४ साली तो सैन्यासाठी नकाशावर आणला. त्यात दोन्ही सेनापती वेगळे बसत, आणि मधला पंच प्रत्येकाला, त्याच्या सैन्याला जेवढे दिसले असते, तेवढेच सांगे. पुढे अमेरिकेत बाल्टिमोर येथील अ‍ॅव्हलॉन हिल ह्या कंपनीने १९५८ साली गेटिसबर्गच्या लढाईचा पट विक्रीस आणला, आणि जाड पुठ्ठ्याच्या चौकोनी तुकड्यांच्या पलटणी लोकांच्या जेवणाच्या टेबलांवर आल्या. पण एकेक लढाई खेळायला सहा-सहा तास लागणार. इतका वेळ आणि एवढी हौस असलेला दुसरा मनुष्य शेजारी मिळणार कोठून? तेव्हा पुष्कळांनी दोन्ही बाजू स्वतःच खेळण्यास आरंभ केला. ऐंशीनंतर तर एकट्यासाठीच रचलेले पट निघाले. एकात आपण इंग्लंडहून जर्मनीवर जाणारे एक बॉम्बफेकी विमान चालवतो. पंचवीस फेऱ्या पुऱ्या केल्या तर सुटका, आणि त्यापूर्वी काय काय होईल ते फासे ठरवतात. हे खेळ चांगले आहेत, पण आम्हांस त्यांत थोडी उणीव भासते. प्रतिपक्षाचे काम फाशांनी केले, म्हणजे त्याच्या खुर्चीवर बसण्याचे आपले काम टळले.

आणि ते काम टळू नये. उदाहरणार्थ, पानिपत घ्या. शिंद्यांच्या ह्या नगरीत, जेथे जनकोजी आणि महादजी ही नावे अजून घरच्यासारखी घेतली जातात, तेथे पानिपतची चर्चा ऐकली नाही असा मनुष्य विरळा. आणि ती चर्चा नेहमी एकाच बाजूने होते: भाऊसाहेबांनी हे करायला हवे होते, होळकरांनी ते करायला नको होते. आता टेबलावर नकाशा काढा, बटणांच्या फौजा करा, त्र्यं. शं. शेजवलकरांचे पुस्तक जवळ ठेवा, आणि एकटे बसा. आपली खेळी झाली की उठून पलीकडच्या खुर्चीवर जावेच लागते. तेथून पाहिल्यावर पहिली गोष्ट दिसते ती ही की, ऑक्टोबर १७६० मध्ये बागपतजवळ यमुना उतरून अब्दाली आपल्या आणि दिल्लीच्या मध्ये आला खरा, पण त्याच क्षणी आपण त्याच्या आणि अफगाणिस्तानच्या मध्ये आलो. दोन्ही सैन्यांनी एकमेकांचा घरचा रस्ता अडवला. आपले तोंड दक्षिणेकडे, त्याचे उत्तरेकडे. अजिंक्य म्हणून ज्याची आपण आजवर कल्पना केली तो अब्दालीही परमुलखात, रोहिल्यांच्या रसदेवर विसंबून, थंडीत कुडकुडत बसलेला आढळतो. त्याच्या बाजूने खेळताना हात कचरतो. आणि मग गोविंदपंत बुंदेल्यांची वाट अडवण्याची खेळी आपल्याच बोटांनी करावी लागते, कारण त्या खुर्चीवरून तीच सर्वांत शहाणपणाची असते.

ह्यात लबाडीला भरपूर वाव आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पलीकडच्या खुर्चीवर असताना माणूस नकळत ढिली खेळी करतो. इब्राहिमखानाच्या तोफांपुढे रोहिल्यांना जरा जास्तच आणून उभे करतो. पाहणारा कोणी नाही आणि टोकणाराही नाही. दुसरी अडचण ज्ञानाची. भाऊंना अब्दालीचा बेत ठाऊक नव्हता. आपल्याला दोघांचेही ठाऊक असतात. त्यावर जाणत्यांचा एक तोडगा आहे: प्रतिपक्षाचे तीन संभाव्य बेत आधी कागदावर लिहून ठेवायचे, आणि त्यांतला कोणता अमलात आणायचा ते फाशावर सोडायचे. आम्हांस ह्याहून उठून खुर्ची बदलण्याची जुनी युक्ती अधिक पसंत आहे. गुडघे दुखतात, पण डोके वळते.

घरच्या मंडळींना एकच विनंती. समोर बसून दोन खेळ्या खेळण्याची दया दाखवू नका. जमल्यास टेबल रिकामे करू नका. पानिपतचा डाव एका बैठकीत होत नाही, तो चार-चार दिवस मांडून ठेवावा लागतो. तिसऱ्या दिवशी पाहुणे जेवायला येणार म्हणून कोणीतरी बटणे डब्यात भरून टाकली, असे एका परिचित घरी आम्ही पाहिले आहे. दुपार उलटली होती, विश्वासराव अजून हत्तीवर होते, आणि अब्दालीची राखीव फौज नुकतीच हलली होती.